मासे, तळ आणि ओढ्याची प्रकृती

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या पर्यावरण खात्याने 1990 मध्ये आपल्याच दोन दप्तरांचा ताळा करून पाहिला. एका दप्तरात नद्या-ओढ्यांच्या पाण्याची रासायनिक तपासणी होती, दुसऱ्यात त्याच ठिकाणी सापडलेल्या मासे-किड्यांच्या नोंदी. एकूण 645 जलपट्टे त्यात होते. 47.4 टक्के पट्ट्यांबाबत दोन्ही दप्तरांचे मत जुळले. 2.8 टक्के ठिकाणी पाणी निकषाबाहेर गेले होते, पण जीवसृष्टी शाबूत होती. उरलेल्या 49.8 टक्के ठिकाणी रासायनिक तपासणीत काहीच खोट निघाली नव्हती आणि तरी तिथली जीवसृष्टी बिघडलेली होती. पाण्याच्या बाटलीवरच विसंबून राहिले असते, तर जवळजवळ निम्म्या पट्ट्यांना ठणठणीत असल्याचा खोटा दाखला मिळाला असता. प्रवाहाची प्रकृती ठरवायची तर त्यात राहणारे जीव मोजावे लागतात, आणि त्या मोजणीचा अर्थ लावायचा तर त्यांचे घरही, म्हणजे तळ, काठ, खळाळ, डोह हे सारे, सोबत मोजावे लागते. ही दोन मोजमापे एकत्र ठेवण्याची जी पद्धत ओहायोने उभी केली, ती नदीविषयीच्या कारभारातली या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे असे मला वाटते. आपल्याकडे तिची उणीव पदोपदी जाणवते.

या पद्धतीचे मूळ कायद्यात आहे. अमेरिकेच्या 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्याने देशातल्या पाण्याची रासायनिक, भौतिक आणि जैविक अखंडता टिकवणे आणि बिघडली असेल तिथे परत आणणे हे उद्दिष्ट ठेवले. प्रत्यक्षात बरीच वर्षे सगळा भर पहिल्या विशेषणावर राहिला. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. कारखान्याच्या नळातून पडणारे पाणी बाटलीत भरता येते, त्याचा आकडा निघतो आणि आकड्यावर खटला उभा राहतो. जैविक अखंडता कशाने मोजायची हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. वाट सापडली ती शेजारच्या इंडियाना राज्यातल्या ब्लॅक क्रीक या शेतीप्रदेशातल्या ओढ्यावर. हा ओढा मॉमी नदीतून ईरी सरोवराला जातो. शेतातली माती वाहून जाणे कसे थोपवावे याचा एक सरकारी प्रकल्प 1970 च्या दशकात तिथे चालू होता. त्यात जेम्स कार हे जीवशास्त्रज्ञ होते. पनामाच्या जंगलातल्या पक्ष्यांचा अभ्यास केलेला हा माणूस, त्यामुळे एका जातीपेक्षा सगळ्या समूहाकडे पाहण्याची सवय त्यांना होती. माती अडवली म्हणजे ओढा सुधारला, हे गृहीतच त्यांना पुरेसे वाटेना. ओढ्यात काठची सावली नाही, वळणे नाहीत, डोह नाहीत, मग मासे परत येणार कशाला? माशांच्या समूहावरून प्रवाहाची जैविक अखंडता मोजण्याचा निर्देशांक त्यांनी 1981 मध्ये मांडला.

निर्देशांकात बारा कसोट्या आहेत. देशी माशांच्या जाती किती, त्यांत डार्टर, सनफिश आणि सकर या गटांतल्या किती, घाण अजिबात न सोसणाऱ्या जाती किती, मिळेल ते खाणारे मासे किती टक्के, किडे खाणारे किती, माशांवर जगणारे शिकारी मासे किती, एकूण संख्या किती, संकरित किती आणि झिजलेले पर, फोड, गाठी किंवा वाकडा कणा असलेले किती. प्रत्येक कसोटीला 5, 3 किंवा 1 गुण. त्यामुळे बेरीज 12 ते 60 या दरम्यान येते. यातली खरी हुशारी बेरजेत नाही, तुलनेत आहे. लहान ओढ्यात जाती कमीच असायच्या आणि मोठ्या नदीत जास्त. म्हणून जातींचे गुण पाणलोट क्षेत्राच्या आकारानुसार द्यायचे. प्रत्येक भूप्रदेशातल्या कमीत कमी बिघडलेल्या जागांवर त्या आकाराच्या ओढ्यात काय आढळते, हे आधी ठरवायचे आणि मग समोरचा ओढा त्याच्याशी ताडून पाहायचा. ओहायोने अशा तीनशेहून अधिक संदर्भजागांवरून आपले आकडे ठरवले आणि 1990 मध्ये थेट नियमांत घातले. राज्याच्या पश्चिमेकडच्या मक्याच्या सपाट पट्ट्यात पायी उतरता येईल अशा सामान्य ओढ्याला 40 गुण हवेत, असाधारण म्हणून नोंदलेल्या ओढ्याला 50. एखादा पट्टा तिथे पोहोचला नाही, तर पाण्याचा अहवाल कितीही सोज्वळ असो, तो पट्टा नापास ठरतो.

मोजणीचा हंगाम 15 जून ते 15 ऑक्टोबर असा ठरलेला, कारण तेव्हा पाणी ओसरलेले आणि स्थिर असते. उथळ ओढ्यात दीडशे ते दोनशे मीटरचा पट्टा घेतात. पाण्यात वीजप्रवाह सोडला की मासे धनाग्राकडे ओढले जाऊन काही क्षण सुन्न होतात. हातजाळीने उचलून त्यांना पाण्याच्या टाकीत ठेवतात, ओळखतात, मोजतात, वजन घेतात, अंगावरचे दोष नोंदवतात आणि सोडून देतात. हे काम कुशल हातांचे आहे. विजेची मात्रा चुकली तर माशाचा कणा दुखावतो, आणि बोटभर लांबीच्या दोन जातींतला फरक पुस्तकाच्या पानावरून चटकन कळत नाही.

त्याच दिवशी, त्याच पट्ट्यावर घराचेही गुण भरतात. एड रँकिन यांनी 1989 मध्ये ओहायोसाठी बसवलेल्या या अधिवास-निर्देशांकात तळ, माशांना लपायच्या जागा, पात्राची घडण, काठची झाडी आणि धूप, डोह व खळाळ यांची प्रत आणि उतार असे सहा भाग आहेत. पैकीच्या पैकी म्हणजे 100 गुण. यातला तळ जरा जवळून पाहण्यासारखा आहे. खळाळातला मुठीएवढा गोटा उचलला, तर चांगल्या ओढ्यात तो सहज हातात येतो आणि खाली पोकळी दिसते, कडेने पाणी वाहताना दिसते. बिघडलेल्या ओढ्यात तो उपसून काढावा लागतो, कारण त्याचा अर्धा-पाऊण भाग गाळात रुतलेला असतो. ओहायोतले सकर आणि काही छोटे मासे खड्यांवर अंडी टाकून निघून जातात, राखण करत नाहीत. खड्यांच्या फटींतून ऑक्सिजनयुक्त पाणी फिरते तोवरच ती अंडी जगतात. फटी गाळाने बुजल्या की अंडी गुदमरतात. डार्टर हा बोटभर मासाही गोट्यांच्या आडोशानेच जगतो. तो तरंगत राहणारा नव्हे, तळाला टेकून प्रवाहाला तोंड देणारा. गोटे गाडले गेले की त्याचे घर गेले. या साऱ्यात पाण्याचा विरघळलेला ऑक्सिजन, आम्लता, धातू हे सगळे निकषात बसलेले असू शकते. बाटलीत आलेला गाळ हा त्या वेळी वाहत असलेला गाळ, तळावर बसलेला त्यात येतच नाही. 1990 च्या त्या ताळ्यात दोन दप्तरे एकमेकांपासून एवढी लांब का गेली, याचे एक मोठे कारण गोट्यांखालच्या या बुजलेल्या फटींत आहे.

दोन गुणसंख्या शेजारी ठेवल्या की निदान सुरू होते. घर चांगले आणि मासे वाईट असतील, तर विषाचा, सांडपाण्याचा, ऑक्सिजनच्या तुटवड्याचा शोध घ्यायचा. घरही वाईट आणि मासेही वाईट, तर नुसत्या सांडपाणी प्रकल्पावर पैसा ओतून काही होणार नाही. कायहोगा नदीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. 22 जून 1969 रोजी क्लीव्हलंडमध्ये या नदीवरच्या तेलकट थराला आग लागली आणि ती जगभर प्रदूषणाचे प्रतीक झाली. पुढच्या दशकांत सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, तरी मधल्या पट्ट्यात मासळीचे गुण निकषाला पोहोचेनात. दोष होता बांधांमागे तुंबलेल्या पाण्यात: प्रवाह थांबला, ऑक्सिजन घटला, खळाळ बुडाले. केंट गावातला जुना बांध ऐतिहासिक म्हणून ठेवला आणि 2004 मध्ये नदीला जुन्या कालव्याच्या दरवाजातून बाजूने वाट करून दिली. मन्रो फॉल्सचा बांध 2005 मध्ये काढला. त्यानंतर त्या पट्ट्यात मासे निकषात आले. ही शस्त्रक्रिया रासायनिक अहवालाने सुचवली नसती. त्याने फार तर ऑक्सिजन कमी आहे एवढेच म्हटले असते आणि आपण आणखी एक शुद्धीकरण प्रकल्प बांधला असता.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. मासे हिंडतात, मग एका जागेच्या माशांवरून त्या जागेविषयी काय कळणार? याला उत्तर असे की डार्टरसारखे छोटे मासे फार लांब जात नाहीत, आणि लांब जाणारे मोठे मासे एखाद्या बांधाच्या वर अचानक दिसेनासे झाले, तर तेही ज्ञानच आहे. दुसरा आक्षेप पर्यावरणीय जोखमीचे अभ्यासक ग्लेन सूटर यांनी 1993 मध्ये कडकपणे मांडला: निरनिराळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबल्या की एका कसोटीतले चांगले दुसरीतले वाईट झाकून टाकते, आणि शेवटी हाती येतो तो आकडा कशाचा आहे हेच सांगता येत नाही. हे खरे आहे. दोन ओढ्यांना 28 गुण मिळतात आणि त्यांचे आजार अगदी वेगळे असतात. म्हणून बेरीज फक्त दार उघडायला वापरावी. आत गेल्यावर बाराही कसोट्या वेगवेगळ्या वाचाव्यात. रोगट मासे वाढले असतील तर बोट विषाकडे, खड्यांवर अंडी घालणारे गेले असतील तर गाळाकडे. तिसरी मर्यादा मला सर्वांत जास्त टोचते. कोलंबसजवळची बिग डार्बी ही ओहायोतल्या उत्तम नद्यांपैकी एक. जगात फक्त याच नदीत सायोटो मॅडटॉम नावाचा एक लहानसा मांजरमासा होता. 1943 ते 1957 या काळात त्याचे केवळ 18 नमुने मिळाले, पुन्हा कधीच नाही. 2023 मध्ये तो अधिकृतपणे नामशेष जाहीर झाला. निर्देशांक समूहाची तब्येत मोजतो. एका दुर्मीळ जीवाचे जाणे त्याच्या बेरजेत जवळजवळ उमटत नाही. तिथे दुर्मीळ जातींचा स्वतंत्र शोधच हवा.

याहून धारदार आक्षेप अधिवासाच्या गुणांवर आहे. ओढा सरळ करायचा, काठची झाडे तोडायची, तळ खरवडायचा आणि मग म्हणायचे की घरच वाईट आहे, इथे मासे येणारच नाहीत, तेव्हा निकष खाली आणा. ओहायोत खोदून सरळ केलेल्या चरांसाठी बदललेल्या अधिवासाचा एक वेगळा, खालचा वर्ग आहे, म्हणजे ही पळवाट कल्पनेतली नाही. मात्र कोणत्याही पट्ट्याला त्या वर्गात टाकण्यापूर्वी खात्याला प्रत्यक्ष पाहणी करून दाखवावे लागते की तो पूर्वपदावर येणे व्यवहारात शक्य नाही. अधिवासाचे गुण साधारण 60 च्या वर असले तर ती सबब चालत नाही, 45 च्या खाली गेले तर चालू शकते, मधल्या पट्ट्यात वाद होतो. वाद होतो हेच मला चांगले वाटते. मोजमाप नसते तर वादच नसता, कंत्राटदाराचे म्हणणे अंतिम ठरले असते. ईरी सरोवराच्या काठचा सपाट प्रदेश, जिथे पूर्वी प्रचंड दलदल होती आणि एकोणिसाव्या शतकात तिचा निचरा करून शेती झाली, तिथे तर निरोगी संदर्भजागाच उरली नाही. खात्याने तिथे सगळ्या जागांमधल्या वरच्या दहा टक्क्यांवरून निकष ठरवला आणि तो 32 आला. हा निकष कमी आहे, पण का कमी आहे हे उघडपणे लिहिलेले आहे.

आपल्याकडे कायद्याची भाषा कमी पडत नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने पाण्याच्या भौतिक, रासायनिक आणि जैविक गुणधर्मांतला बदल आणि जलचरांना होणारी इजा हे दोन्ही प्रदूषणाच्या व्याख्येतच घेतले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मासेमारी आणि वन्यजीवांसाठी 'डी' वर्ग ठेवला आहे. त्याचे निकष काय, तर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 4 मिलिग्रॅम, सामू 6.5 ते 8.5, मुक्त अमोनिया 1.2 मिलिग्रॅमच्या आत. माशांसाठीच्या वर्गात मासा कुठेही मोजलेला नाही. वाळूचा उपसा, बंधाऱ्यामागे बुडालेला खळाळ, दगडी भिंतींत बंदिस्त केलेला काठ यांतले काहीच या तीन आकड्यांना दिसत नाही, आणि सह्याद्रीच्या नद्यांचे आज सर्वाधिक नुकसान याच गोष्टी करत आहेत. दगडाला हनुवटीखालच्या चकतीने चिकटून राहणारा मळ्या किंवा खड्यांतून वावरणाऱ्या मुऱ्या यांना पाणी जितके लागते तितकाच तळ लागतो.

इथे हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. इंदूर-उज्जैन भागातल्या खान आणि क्षिप्रा नद्यांवर गणसन आणि ह्यूज यांनी कार यांचा निर्देशांक स्थानिक माशांना जुळवून वापरला आणि तो अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. आणि तुलनेसाठी जुन्या नोंदी हव्यात, तर पुण्याइतके भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले असेल. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन केले. त्यानंतर फ्रेझर यांनी 1942 मध्ये, टोणपी आणि मुल्हेरकर यांनी 1963 मध्ये, वाघ आणि घाटे यांनी 2003 मध्ये पुणे परिसरातल्या माशांच्या याद्या केल्या. मुळा-मुठेच्या काठाच्या सुशोभीकरणावर एवढे वाद झाले, पण काम सुरू होण्यापूर्वी आणि नंतर तळाचे आणि माशांचे गुण मोजण्याची सक्ती कोणावर नाही. हंगाम आपला वेगळा राहील. पावसाळ्यात मोजणी अशक्य, उन्हाळ्यात ओढे डोहांपुरते उरतात आणि मासे तिथे दाटतात. म्हणून पूर ओसरल्यानंतरचे, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस धरावेत. चिलापीसारख्या बाहेरून आलेल्या माशांना उणे गुण द्यावे लागतील. घाटातल्या तीव्र उताराच्या ओढ्यात जाती मुळातच थोड्या असतात, तिथे जातींची वाढ हीच कधी कधी बिघाडाची खूण ठरेल.

संदर्भजागांचे काम सर्वांत अवघड आहे आणि तेच आधी करायला हवे. महाडजवळच्या वाळणकोंडीसारखे देवस्थानांनी राखलेले डोह मनाला भुरळ घालतात, पण तिथे माशांना खाऊ घातले जाते, त्यामुळे तिथली संख्या संदर्भ म्हणून धरता येत नाही. कोयना अभयारण्यातले आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानातले ओढे सह्याद्रीच्या वरच्या पट्ट्यासाठी चालतील. भीमेच्या खोऱ्यातल्या आणि मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या नद्यांना तसा आधार नाही. तिथे ईरीकाठच्या त्या निचरा झालेल्या प्रदेशासारखे करावे लागेल: आज जे सर्वांत बरे आहे त्यावरून निकष ठरवायचा, तो खाली का आहे हे नियमातच लिहायचे, आणि दर पाच-दहा वर्षांनी पुन्हा मोजून तो वर न्यायचा.