चपलांचं फोटोसेशन!

दोस्तांनो, फोटोसेशन म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? सिनेमातले हीरो, क्रिकेटपटू... पण चपलांचं फोटोसेशन? हसू नका! जून २०२५मध्ये इटलीतल्या मिलान शहरात ‘प्राडा’ या बड्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या. फोटो जगभर फिरले, आणि कोल्हापूरचं नाव मात्र कुठेच नव्हतं! ओरड झाली तेव्हा कुठे कंपनीनं मूळ कल्पना कुठली ते मान्य केलं. खरं तर २०१९मध्येच कोल्हापुरीला ‘जीआय’, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांच्या कारागिरांची ती चप्पल.

आता समजा, शेजारच्या काकांकडे अशा चपला बनतात आणि त्यांना वेबसाइट काढायचीय. दुकानात गिऱ्हाईक चप्पल हातात घेतं, वाकवून बघतं, पायात घालून चार पावलं चालतं, करकर ऐकतं. वेबसाइटवर यातलं काहीच नाही. सगळी भिस्त फोटोंवर! म्हणून मोबाइल उचलण्याआधी वही-पेन्सिल उचला.

आधी गणित. बारा जोड आणि प्रत्येकाचे पाच फोटो : वरून, बाजूनं, तळाचा, वेणीचा जवळून आणि पायात घातलेला. झाले साठ. एका फोटोला तीन मिनिटं धरली तरी तीन तास! तेवढ्यात ऊन सरकतं, सावल्या फिरतात. म्हणून पहिल्या जोडाचे पाचही फोटो, मग दुसऱ्याचे, असं करू नका. बाराही जोडांचे वरून घेतलेले फोटो एकदम उरका, मग बाजूचे. म्हणजे सगळे एकसारखे दिसतील. मोबाइल स्टँडवर ठेवा, आणि चप्पल कुठे ठेवायची त्या जागी खडूनं खूण करा.

उजेड खिडकीचा घ्या. थेट ऊन येत असेल तर आईचं पांढरं सुती पातळ पडद्यासारखं लावा (आधी विचारून!). खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा केला की अंधारी बाजूही उजळते. फ्लॅश बंद. तेल दिलेल्या कातड्यावर तो पांढरा डाग पाडतो. पिवळा बल्बही बंद.

हा रंगाचा मुद्दा फार महत्त्वाचा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा तो बदामी रंग बल्बखाली नारिंगी दिसतो. फोटोत नारिंगी आणि खोक्यात बदामी, मग गिऱ्हाईक चप्पल परत पाठवणार. जाण्या-येण्याचा कुरिअरचा खर्च मात्र काकांच्या खिशातून! तेव्हा फोटो काढल्यावर चप्पल शेजारी धरून रंग ताडून बघा. फिल्टर तर मुळीच नको, कितीही छान दिसला तरी.

आणखी एक गंमत. मोबाइल चपलेच्या अगदी जवळ नेला की अंगठ्याकडची बाजू भलीमोठी आणि टाच चिमुकली दिसते. दोन पावलं मागे या, मग झूम करा. तळाचा फोटो टाळू नका बरं का! चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण तिथे दिसते आणि जाणकार गिऱ्हाईक नेमकं तेच शोधतं. वेणी, गोंडा, दोन्ही बाजूंचे कान यांवरची धूळ मात्र आधी मऊ फडक्यानं पुसून घ्या. उघड्या डोळ्यांना न दिसणारी धूळ कॅमेऱ्याला बरोब्बर दिसते!

पायात घालायला कोण? आजोबांचे पाय चालतील, ताईचेही. गोरेगोमटे पाय शोधत बसायचं काही कारण नाही. चप्पल शिवणाऱ्या हातांचा एक फोटो हवाच. पण काकांच्या कारागिरांना विचारून, आणि तो कुठे लावणार ते सांगून. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून फोटो उचलणं तर सरळ चोरी. फोटोलाही कॉपीराइट असतो.

शेवटचं काम संध्याकाळी. मोबाइलचा एकेक फोटो तीन-चार एमबीचा. असे वीस एका पानावर टाकले, तर रेंज कमी असलेल्या गावात पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक पळून जाईल. ते दोन-तीनशे केबीपर्यंत लहान करा आणि प्रत्येकाला नाव द्या : ‘कापशी-आठ-नंबर-वरून’. मग काकांना शेजारी बसवा आणि निवडायला लावा. कुठला जोड आधी दाखवायचा, ते त्यांनाच ठाऊक!