एक दिसत नाही, दुसरीला दिसत नाही!

चार माणसं रॉकेटमध्ये बसून अंतराळात निघतात. एक शास्त्रज्ञ, एक वैमानिक. हे दोघं का निघाले, ते समजतं. तिसरी सू स्टॉर्म कशासाठी? तर ती शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्सची वाग्दत्त वधू आहे, म्हणून. आणि चौथा जॉनी? तो सूचा धाकटा भाऊ. ताई निघाली म्हणून तोही निघाला! अंतराळयान कसलं, लग्नाचं वऱ्हाडच ते. ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या अमेरिकन कॉमिकच्या नोव्हेंबर १९६१ च्या पहिल्या अंकात हे सगळं झटपट उरकतं. मग वैश्विक किरणांचा मारा होतो आणि चौघांना अचाट शक्ती मिळतात.

हे कॉमिक मला मनापासून आवडतं. आणि ते वाचताना दर चार पानांनी माझं टाळकं सरकतं, हेही तितकंच खरं.

आता नावंच पाहा. रीड स्वतःला म्हणवतो मिस्टर फॅन्टॅस्टिक. शाळकरी जॉनी होतो ह्यूमन टॉर्च, म्हणजे मानवी मशाल. लग्न ठरलेली सू मात्र इन्व्हिजिबल गर्ल, अदृश्य मुलगी! १९६५ मध्ये तिचं रीडशी लग्न झालं, १९६८ मध्ये मुलगा झाला, तरी बाई आपल्या मुलगीच. ‘इन्व्हिजिबल वुमन’ व्हायला १९८५ साल उजाडावं लागलं. शक्तींचंही तेच. रीड रबरासारखा ताणला जातो, जॉनी पेट घेऊन उडतो, वैमानिक बेन ग्रिमचा नारिंगी खडकासारखा ‘थिंग’ होतो. आणि सू? ती दिसेनाशी होते. हे तर कितीतरी जणींना वैश्विक किरणांशिवायच साधलेलं आहे.

अकराव्या अंकात, १९६३ साली, कमालच झाली. सूचा या पथकाला काही उपयोग नाही, अशी वाचकांची पत्रं आल्याचं कथेतच दाखवलंय. सू दुखावते. रीड तिच्या बचावाला उभा राहतो आणि बोलता बोलता थेट अब्राहम लिंकनच्या आईपर्यंत जाऊन पोहोचतो! हेतू चांगला, पण दाखला असा, की बाईची थोरवी सांगायला पुन्हा कुणातरी थोर पुरुषाची आईच लागावी. (हा दोष एकट्या याच कॉमिकचा नाही म्हणा. १९४२ साली जस्टिस सोसायटीत दाखल झालेल्या वंडर वुमनला त्या संघाची सेक्रेटरी केलं होतं.)

मग वाचायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. सांगते. स्टॅन ली आणि जॅक किर्बी या जोडीनं सलग १०२ अंकांत जे उभं केलं, ते पथक नव्हे, घर आहे. नवव्या अंकात रीड शेअर बाजारात पैसे घालवतो आणि जग वाचवणारी ही मंडळी चक्क कफल्लक होतात. जॉनी आणि बेन सारखे भांडतात. आपल्या खडकाळ देहाची बेनला लाज वाटते. त्याचं ते दुःख मला कित्येक गंभीर कादंबऱ्यांपेक्षा खरं वाटतं. १९६६ मध्ये गॅलॅक्टस नावाचा ग्रहभक्षक पृथ्वी गिळायला येतो, तेव्हा किर्बीनं काढलेलं आकाश पाहून आजही छाती दडपते. त्या कथेत गॅलॅक्टसच्या दूताचं मन वळवते ती बेनची मैत्रीण अ‍ॅलिशिया, अंध शिल्पकार. म्हणजे या घरातल्या दोन बायकांपैकी एक दिसत नाही आणि दुसरीला दिसत नाही!

आणि पंचाईत इथेच आहे. ज्या घरपणामुळे हे कॉमिक जिवंत झालं, त्याच घरपणानं सूला कोपऱ्यात बसवलं. कर्ता पुरुष, व्रात्य भाऊ, तापट दोस्त असं घर मांडलं, की सांभाळून घेणारी कुणीतरी लागतेच. कात्रीनं वाईट तेवढं कापून काढीन म्हटलं तर चांगलंही हातात येत नाही.

माझ्या दहा वर्षांच्या भाचीला मी या अंकांचा संग्रह दिला, तेव्हा बहीण चिडली. “ताई, जे आपण इतकी वर्षं पुसत आलो, तेच तू तिच्या हातात देतेस?” तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की ती वाचेल तेव्हा आपण दोघी आसपास असू. आठ दिवस भाची काही बोलली नाही. सोसायटीतल्या पोरांत खेळताना तिनं सू व्हायला साफ नकार दिला आणि ती बेन झाली, एवढं कानावर आलं.

मग एका दुपारी मी तिला अकराव्या अंकातल्या त्या पत्रांची गोष्ट सांगितली. ती पाचवा अंक घेऊन आली. त्यात डॉक्टर डूम सूला ओलीस ठेवतो आणि पुढे बाकीचे तिघं हवा संपत चाललेल्या खोलीत कोंडले जातात.

“मावशी, इथं बघ. ही अदृश्य होऊन डूमचं यंत्र बिघडवते, म्हणून हे तिघं सुटले. पत्रं लिहिणाऱ्यांनी हा अंक वाचला नव्हता का?”

वाचला असणार. मी तिला सांगितलं, की १९६४ सालच्या बाविसाव्या अंकात सूला अदृश्य कवच उभारण्याची शक्ती मिळते आणि पुढे तर ती चौघांतली सर्वांत बलवान ठरते. तो अंक ज्या खंडात आहे, तो माझ्याकडे नाही. गेले दोन रविवार आम्ही दोघी फोर्टातल्या पदपथावर तोच शोधत हिंडतो आहोत. काल बहीणही म्हणाली, मी येते.