परतवेध

चालू असलेल्या संगणक-कार्यक्रमातील एखादे फंक्शन आपले काम संपवून ज्या क्षणी परत फिरते, तो क्षण कार्यचालन प्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, टिपण्याची पद्धत. लिनक्स प्रणालीत तिला ‘यूरेटप्रोब’ म्हणतात. मूळ कार्यक्रम पुन्हा न लिहिता व बंद न करता त्याचे वर्तन तपासणे हे तिचे प्रयोजन होय. फंक्शनच्या आरंभाचा वेध घेणारी यूप्रोब ही सुविधा लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत (२०१२) आली. श्रीकर द्रोणमराजू व जिम केनिस्टन हे तिचे प्रमुख कर्ते. परतवेधाची भर ३.१० या आवृत्तीत (२०१३) पडली.

आरंभाचा वेध घेणे तुलनेने सोपे असते; कारण फंक्शनचा पत्ता निश्चित असतो. तेथील आज्ञेच्या जागी थांब-आज्ञा ठेवली की, प्रक्रियक तेथे पोहोचताच नियंत्रण कर्नेलकडे जाते. परतीची जागा मात्र अशी एकच नसते. एका फंक्शनमध्ये परतीच्या आज्ञा अनेक असू शकतात. कधी ते अखेरीस दुसऱ्याच फंक्शनकडे उडी घेते व त्याच्यात परतीची आज्ञा मुळीच आढळत नाही. उलट, हवी असलेली माहिती पुष्कळदा परतीच्या वेळीच हाती येते. उदा., बॅश या कार्यक्रमातील रीडलाइन हे फंक्शन वापरणाऱ्याने टंकलिखित केलेली ओळ परत देते. आरंभी ती ओळ अस्तित्वातच नसते.

म्हणून कर्नेल परतीचा पत्ताच बदलतो. काम झाल्यावर कोठे परतावयाचे तो पत्ता एक्स८६ प्रक्रियकांत स्टॅकवर, म्हणजे स्मृतीतील चळतीवर, ठेवलेला असतो. आरंभीची थांब-आज्ञा लागताच कर्नेल हा पत्ता स्वतःजवळ नोंदवतो आणि त्याच्या जागी ‘ट्रँपोलीन’ नावाच्या छोट्या आज्ञाखंडाचा पत्ता लिहितो. हा खंड कर्नेलनेच कार्यक्रमाच्या स्मृतीत मांडलेला असतो. फंक्शन परतते ते येथे. येथील थांब-आज्ञेमुळे नियंत्रण पुन्हा कर्नेलकडे येते, परत दिलेले मूल्य रजिस्टरातून वाचले जाते व कार्यक्रम मूळ पत्त्यावरून पुढे चालू होतो. फंक्शन स्वतःलाच बोलावत असेल, तर एकाच वेळी अनेक पत्ते सांभाळावे लागतात. ही नोंद प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी असून तिची खोली ६४ पर्यंत मर्यादित आहे. सी भाषेतील लाँगजंप ही सोय मधली फंक्शने ओलांडून थेट मागे नेते. त्या फंक्शनांची परती घडतच नाही. त्यामुळे त्यांच्या शिळ्या नोंदी स्टॅकची पातळी पडताळून काढून टाकाव्या लागतात.

ज्याचे निरीक्षण करावयाचे त्याच्याच स्मृतीत ढवळाढवळ होते, हा या पद्धतीचा गंभीर दोष आहे. गो भाषेतील कार्यक्रमांचा स्टॅक अपुरा पडला, तर तो मोठ्या जागी हलविला जातो आणि त्यासाठी त्यावरील परतपत्ते वाचावे लागतात. तेथे अनोळखी पत्ता आढळताच कार्यक्रम बंद पडतो. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या तपासणीने चालती सेवा कोसळते ती अशी. अशा कार्यक्रमांत फंक्शनमधील प्रत्येक परत-आज्ञेवर साधी यूप्रोब लावणे अधिक सुरक्षित ठरते.

परतपत्ता बदलणे ही हल्लेखोरांचीही जुनी युक्ती आहे. तिला प्रतिबंध म्हणून काही नवे प्रक्रियक पत्त्याची दुसरी प्रत ‘छाया-स्टॅक’वर ठेवतात, परततेवेळी दोन्ही पत्ते जुळले नाहीत, तर कार्यक्रम थांबविला जातो. एक्स८६ प्रक्रियकांवर वापरकर्त्याच्या कार्यक्रमांना हे संरक्षण लिनक्स ६.६ पासून (२०२३) मिळू लागले. साहजिकच परतवेधाला छाया-स्टॅकवरील पत्ताही बदलणे भाग पडले. ती दुरुस्ती ६.११ मध्ये (२०२४) झाली. त्याच आवृत्तीत ६४-बिट एक्स८६ प्रक्रियकांवर ट्रँपोलीनमधील थांब-आज्ञेऐवजी खास प्रणाली-आवाहन योजण्यात आले. त्यामुळे वेग वाढला. परंतु सेककॉम्प या गाळणीखाली चालणाऱ्या कंटेनरांत हे अपरिचित आवाहन नाकारले जाऊन वेध लावलेले कार्यक्रम कोसळू लागले. २०२५ मध्ये ते आवाहन या गाळणीतून वगळण्यात आले.