निळी रेघ आणि पायी चालणारी

परगावी गेल्यावर पत्ता विचारायला हल्ली पानाच्या टपरीपाशी थांबावं लागत नाही. पर्समधला फोन काढायचा, ठिकाणाचं नाव बोलायचं, की निळी रेघ हजर! २०२१ पासून गुगल मॅप्सवर दुकानं-दवाखान्यांची नावं मराठीत दिसण्याची सोय वाढली आणि घरातल्या सासूबाईसुद्धा चष्मा लावून नकाशा वाचू लागल्या.

पण ही रेघ कुणासाठी काढलेली असते, हे कधी पाहिलंत? नकाशा पुष्कळदा मोटारीचा नाही तर दुचाकीचा रस्ता आधी दाखवतो. चालणाऱ्या माणसाचं छोटं चित्र आपण होऊन दाबावं लागतं. नाही दाबलं, तर एकेरी वाहतुकीचा मोठा वळसा हातात पिशव्या घेऊन पायी घालायची पाळी येते.

चित्र दाबलं तरी खरी अडचण पुढेच आहे. नकाशाच्या हिशेबात रस्ता म्हणजे बहुतेक वेळा दोन चौकांना जोडणारी एक रेघ. तिला रुंदी नाही, पदपथ नाही, मधला दुभाजक नाही. शिवाय उपग्रहावरून कळणारी आपली जागा मोकळ्या आभाळाखालीही पाचेक मीटरनं चुकू शकते. म्हणजे तुम्ही रस्त्याच्या अलीकडे आहात की पलीकडे, हेच फोनला नक्की ठाऊक नसतं! तो सांगतो, ‘ठिकाण उजव्या हाताला आहे.’ मधून उसाच्या ट्रॉल्या चालल्या आहेत आणि कडेवर मूल आहे, त्याचं काय? वेळ धरतात तीही तासाला साधारण पाच किलोमीटर चालणाऱ्या मोकळ्या माणसाची. रस्ता ओलांडायला थांबावं लागतं, त्याचा हिशेब क्वचितच.

आमच्या आटपाडीत शनिवारी शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो. त्या दिवशी कुठून चालता येईल, हे भाजीवालीला विचारावं, नकाशाला नाही.

अर्थात सगळा दोष नकाशाचा नव्हे. रस्त्यावर झेब्रा पट्टेच नसतील तर नकाशात कुठून यायचे? पदपथ निदान १.८ मीटर रुंद मोकळा हवा, असं इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शिका सांगते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदपथाचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवू लागले. वर्षातून एक दिवस, बरं का!

आपल्याला करता येईल असंही काही आहे. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर कुणालाही बोळ, पायऱ्या, ओढ्यावरची पायवाट, रस्ता ओलांडायची जागा फुकट नोंदवता येते. घरातल्या कॉलेजच्या मुलामुलींना सुट्टीत हे काम द्या. शाळेला जायचा जो बोळ सगळ्या गावाला ठाऊक आहे, तो नव्यानं आलेल्या सुनेलाही सापडेल.

आणि एक. गुगलचा नकाशा आधी उतरवून ठेवला तरी नेट नसताना वाहनाचाच रस्ता मिळतो, पायी रस्ता मिळत नाही. तेव्हा लग्नाला किंवा दवाखान्यात जाताना घरूनच पायी रस्त्याचा स्क्रीनशॉट काढून घ्या, आणि मोठा रस्ता कुठे ओलांडायचा ते यजमानीणबाईंना फोनवर विचारून ठेवा.