दुचाकीस्वाराचा मोकळा हात

दिवाळी सरून उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या गावांवरून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याचे रूपच पालटून जाते. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा अशा सहकारी साखर कारखान्यांनी वेढलेल्या या दोन तालुक्यांत त्या दिवसांत कोणत्याही फाट्यावर उभे राहावे, दोन दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर गव्हाणीच्या दिशेने संथपणे चाललेले दिसतात. बैलगाड्यांची रांग असतेच. आणि या अवजड लवाजम्याच्या फटीफटींतून वाट काढीत दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकावलेला गवळी, पाठीमागे कडवळाचा भारा बांधलेला शेतकरी, औद्योगिक वसाहतीतल्या पाळीवर निघालेला कामगार आणि विद्या प्रतिष्ठानात शिकणारी मुलेमुली आपापल्या दुचाकी हाकीत असतात. कारखानदाराने मोठ्या कसोशीने बसवून दिलेले वळणाचे दिवे गवळ्याच्या कॅनांमागे दडलेले असतात, शेतकऱ्याचे वैरणीत बुडालेले असतात आणि ट्रेलरचे तांबडे दिवे उसाच्या लोंबत्या वाढ्यांनी कधीच झाकून टाकलेले असतात. अशा ठिकाणी माणसाला आपला मनोदय दुसऱ्यास कळविण्यासाठी जे साधन उरते ते म्हणजे हात. आणि या हाताचा जो व्यवहार आपल्या रस्त्यांवर चालतो, तो सरकारी नियमांत लिहिलेल्या व्यवहाराहून बराच निराळा, आणि माझ्या मते बराच अधिक शहाणपणाचा आहे.

प्रथम सरकारी तरतूद पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२१ व्या कलमाने वाहनचालकावर इशारे देण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि हे इशारे कोणते, याचा तपशील १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत सांगितलेला होता. वेग कमी करावयाचा असल्यास उजवा हात बाहेर आडवा काढून, तळवा जमिनीकडे ठेवून, तो काही वेळा खालीवर हलवावा. थांबावयाचे असल्यास उजव्या हाताचा कोपरापासून पुढचा भाग उभा धरावा. उजवीकडे वळावयाचे असल्यास उजवा हात सरळ आडवा पसरावा व तळवा पुढे ठेवावा. डावीकडे वळावयाचे असल्यास तोच उजवा हात पसरून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. आणि मागच्यास पुढे जाऊ द्यावयाचे असल्यास तो पुढेमागे अर्धवर्तुळात झुलवावा. २०१७ साली या नियमांची जागा मोटार वाहन चालनाच्या नव्या विनियमांनी घेतली. तथापि शिकाऊ परवान्यासाठी बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जाणारा एमएच-४२ च्या मुलखातला तरुण आदल्या रात्री ज्या चित्रांची उजळणी करतो, ती याच पाच हातांची चित्रे असतात.

ही चित्रे बारकाईने पाहिली की एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. पाचही चित्रांत उजवाच हात आहे. याचे कारण उघड आहे: ज्याच्यासाठी हे नियम रचले गेले तो चालक चार चाकांच्या गाडीत, उजव्या बाजूच्या आसनावर, उजव्या खिडकीशी बसलेला होता, त्याचा डावा हात गाडीच्या पोटात असल्यामुळे बाहेरच्या जगाच्या दृष्टीने नसल्यासारखाच होता, म्हणून डावीकडे वळण्याचा मनसुबासुद्धा त्याला उजव्या हातानेच गिरक्या घेऊन जाहीर करणे भाग पडले. दुचाकीस्वाराची अवस्था अगदी उलटी. त्याचे दोन्ही हात जगाला दिसतात. परंतु इंधनाची मूठ आणि पुढच्या चाकाचा ब्रेक ही दोन्ही सूत्रे नेमकी उजव्या हातात असल्यामुळे, कायद्याला जो हात हवा तोच त्याला सर्वांत कमी वेळ सोडता येतो. मूठ सोडताक्षणी ती परत फिरते, इंजिनाचा जोर ओसरतो, गाडी आपोआप मंदावू लागते, आणि पुढचा ब्रेक लावण्याची सोय त्या काळापुरती नाहीशी होते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने जाणारी दुचाकी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर अंतर तोडते. म्हणजे नियमाप्रमाणे दोन सेकंद उजवा हात पसरणारा इमानी स्वार तेवढे अंतर डाव्या हाताच्या भरवशावर आणि पुढच्या ब्रेकावाचून जातो.

यावर लोकांनी जो तोडगा काढला तो कोणत्याही राजपत्रात छापलेला नाही. डावीकडे वळणारा सरळ डावा हात दाखवितो. उजवीकडे वळणारा आधी मूठ कमी करून, वेग उतरल्यावर, उजवा हात क्षणभर बाहेर काढतो आणि प्रत्यक्ष वळण्यापूर्वी तो परत मुठीवर आणतो. कारण वळणाच्या ऐन मध्यात एकहाती गाडी सांभाळणे हे सर्कशीतल्या मंडळींचे काम आहे. पाठीमागे कुणी बसलेले असेल तर हा सर्व कारभार त्या व्यक्तीकडे सोपविला जातो. ‘अगं, हात दाखव’ असे पुढच्याने मान न वळविता म्हणावे आणि मागे एका अंगाने बसलेल्या बाईने कडेवरचे मूल सावरीत दुसरा हात लांब करावा, हे दृश्य आपल्याकडे इतके नित्याचे आहे की त्यातली योजकता कुणाच्या लक्षात येत नाही. चालविणाऱ्याचे दोन्ही हात जागेवर राहतात आणि इशारा मात्र नीट, पुरेसा वेळ, ठळकपणे दिला जातो. नियम करणाऱ्यांना मागच्या माणसाची आठवण झाली नाही, हे नवल आहे.

जुन्या स्कूटरवाल्यांची अडचण याहूनही बिकट होती. बजाज चेतकसारख्या गाडीत क्लच आणि गिअर ही दोन्ही कामे डाव्या मुठीत एकवटलेली; ती मूठच फिरवून गिअर टाकावयाचा. उजवा हात इंधनाला बांधलेला आणि डावा गिअरला, त्यामुळे वळणापाशी गिअर उतरवीत असताना त्या बिचाऱ्याजवळ दाखवायला हातच उरत नसे. हल्लीच्या स्कूटरींत ही कटकट उरलेली नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या कारखान्यात २०१२ पासून जी व्हेस्पा तयार होते, तिला गिअर टाकावा लागत नाही आणि डाव्या हाताकडे फक्त मागचा ब्रेक असतो. म्हणजे हात दाखविण्याची खरी सवड लाभली ती दिव्यांचे बटण अंगठ्याखाली आल्यानंतर.

दिव्यांमुळे हाताचे काम संपले, असे मात्र समजू नये. मागचा तांबडा दिवा लागतो तो ब्रेक दाबल्यावर. केवळ मूठ सोडून किंवा गिअर उतरवून गाडी मंदावली, तर तो दिवा लागतच नाही आणि मागून येणाऱ्याला अंतर कमी होत असल्याचे उशिरा उमगते. खाली तळवा करून दोनदा झुलविलेला हात ही उणीव भरून काढतो. महामार्गावरील ट्रकच्या उजव्या दिव्याचा मामला तर आणखी गहन आहे. एखाद्या ट्रकचा उजवा दिवा लुकलुकू लागला, तर तो उजवीकडे वळणार आहे, की समोरून वाहन येत असल्यामुळे ‘पुढे येऊ नका’ असे बजावीत आहे, की उलट ‘या, रस्ता मोकळा आहे’ असे आमंत्रण देत आहे, याचा उलगडा करण्यास मागच्या दुचाकीस्वाराजवळ फारच थोडा अवधी असतो. दिवा एकच आणि अर्थ तीन. क्लीनरने डाव्या दरवाजातून बाहेर काढलेल्या हाताविषयी मात्र सहसा असा संशय उद्भवत नाही. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याचा हातही असाच निःसंदिग्ध असतो. पण दोन ट्रेलरांच्या मागे असलेल्याला तो दिसण्याची शक्यता कमी, म्हणून अनुभवी स्वार ट्रॅक्टरला लगटून न जाता थोडा मागे आणि थोडा उजवीकडे राहतो, जेणेकरून चालकाचा खांदा नजरेच्या टप्प्यात येईल. हंगामात रात्रीच्या प्रवासात तोही उपाय चालत नाही. तेथे ट्रेलरच्या पाठीला लावलेल्या परावर्तक पट्ट्यांवरच सारी भिस्त.

आतापर्यंत सांगितलेल्या इशाऱ्यांत माणूस स्वतःविषयी काही सांगत असतो: मी वळतो, मी थांबतो, मी वाट देतो. आपल्या रस्त्यांवर सर्वाधिक वापरले जाणारे इशारे मात्र या जातीचे नाहीत. ते दुसऱ्याविषयी असतात, आणि दुसऱ्याच्याच हिताचे असतात. समोरून येणारा अनोळखी स्वार तर्जनी जमिनीकडे रोखून दोनतीनदा खाली टोचतो. त्याचा अर्थ, तुमचा स्टँड तसाच राहिला आहे. शेजारून जाणारा असेल तर तोंडानेही सांगतो: ‘ओ पाव्हणं, स्टँड!’ ही सूचना वरवर क्षुल्लक वाटते; परंतु आडवा स्टँड गाडीच्या डाव्या अंगाला असतो, आणि डाव्या वळणावर गाडी त्याच बाजूस कलते, तेव्हा खाली उतरलेला तो लोखंडी पाय रस्त्याला टेकून गाडीला उचलून फेकू शकतो. अलीकडच्या कित्येक गाड्या स्टँड खाली असेपर्यंत चालूच होत नाहीत; पण आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या गाड्या वयाने थोर असल्यामुळे त्या टोचणाऱ्या बोटाला अजून पुष्कळ काम आहे.

त्याहून गंभीर इशारा पदराचा. मागे बसलेल्या स्त्रीचा पदर किंवा मुलीची ओढणी चाकाकडे झेपावू लागली, की पाहणारा माणूस आपल्याच खांद्यावरून काहीतरी ओढून घेतल्यासारखा हात करतो आणि मग चाकाकडे बोट दाखवितो. जवळ असेल तर ‘ताई, पदर! पदर!’ म्हणून ओरडतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मागच्या बसणाऱ्यासाठी धरावयाची मूठ, पाय टेकण्याची सोय आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आच्छादन आवश्यक ठरविले आहे. परंतु ऐटीपायी ती जाळी काढून टाकणारे महाभाग आहेतच, आणि जेथे जाळी नाही तेथे कुण्या परक्याचा हातच जाळीचे काम करतो. या इशाऱ्याला वय, जात, पक्ष, ओळखपाळख काही लागत नाही. ज्या तालुक्यांत निवडणुकीच्या दिवसांत माणसे एकमेकांकडे पाहतसुद्धा नाहीत तेथे ही गोष्ट मला नमूद करण्याजोगी वाटते.

तिसरा इशारा मात्र काळाच्या ओघात सापडला आहे. दिवसाउजेडी कुणाचा पुढचा दिवा जळत राहिलेला दिसला, की हाताची पाचही बोटे मिटवून उघडून दाखवावयाची, म्हणजे ‘दिवा चालू आहे, बंद करा’, हा रिवाज वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत आला. मग १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागलाच पाहिजे, अशी सक्ती झाली. तो बंद करण्याचे बटणच गाडीवर राहिले नाही. उद्देश योग्यच होता, कारण अंगाने लहान असलेली दुचाकी दिव्यामुळे समोरच्याला लवकर दिसते. परंतु लोकांच्या हाताला लागलेली सवय राजपत्राने थोडीच सुटते? कित्येक दिवस नव्या गाडीचा मालक बारामतीहून इंदापूरला पोचेपर्यंत वाटेतल्या निम्म्या माणसांनी त्याच्याकडे पाहून बोटे मिटवावी-उघडावी, आणि त्याने प्रत्येकाला मान हलवून ‘असू द्या’ म्हणावे, असा विनोदी प्रकार घडत राहिला. आता तो कमी झाला आहे. उघडमीट करणारी बोटे अजून दिसतात, पण बहुधा वळून गेल्यावरही चालूच राहिलेल्या वळणाच्या दिव्यासाठी.

रविवारी सकाळी या मुलखात आणखी एक पंथ अवतरतो. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण आणि कुंभारगावच्या पाण्यात रोहित पक्षी उतरतात, आणि ते पाहण्याच्या निमित्ताने, किंबहुना भिगवणची मासळी खाण्याच्या निमित्ताने, पुण्याकडचे मोटरसायकलस्वार घोळक्याने येतात. डोक्यावर पूर्ण मिटलेले हेल्मेट, कानांत वारा आणि इंजिनांचा घोष, त्यामुळे शब्दाला तेथे स्थान नसते. त्यांची सांकेतिक भाषा बरीचशी परदेशांतून आलेली आणि जवळजवळ सर्वस्वी डाव्या हाताची. एक बोट आकाशाकडे केले की सर्वांनी एकामागे एक व्हावे, दोन बोटे दाखविली की दुहेरी रांग धरावी. टाकीकडे बोट केले की पेट्रोल संपत आले. बंद मुठीचा अंगठा तोंडाकडे नेला की चहापाणी. खड्डा डावीकडे असेल तर डाव्या हाताने दाखवितात. उजवीकडे असेल तर उजवा हात मुठीवरून न काढता उजवा पाय बाहेर काढतात. सर्वांत पुढच्याने केलेला इशारा प्रत्येकाने मागच्यासाठी पुन्हा करावयाचा असतो आणि अशा रीतीने तो शेवटच्या स्वारापर्यंत पोचतो; पालखी सोहळ्यात चोपदाराने दंड उंचावला की टाळांचा नाद दिंडीदिंडीने मागे शांत होत जातो, तसाच हा क्रम. फ्रान्समध्ये वाट दिल्याबद्दल आभार मानण्यासाठीही स्वार उजवा पाय बाहेर काढतात, असा प्रघात आहे. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने चालत असल्यामुळे समोरून येणाऱ्या सहप्रवाशाला डाव्या हाताने अभिवादन करावयाचे, तर तो हात डोक्यापर्यंत चांगला उंच करावा लागतो, नाही तर तो पलीकडे दिसतच नाही.

पाटस-बारामती-इंदापूर हा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग ९६५-जी म्हणून चौपदरी करण्याच्या कामाचा कोनशिला समारंभ ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाला. अशा दुभाजकाच्या रस्त्याने एक जुना इशारा नव्याने धोक्याचा करून ठेवला आहे. गावातला माणूस दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडताना, किंवा फेरा वाचविण्यासाठी उलट दिशेने येताना, तळहात उभा करून दाखवितो. त्याच्या मनातला अर्थ असा की ‘तुम्ही थांबा, मी जातो’. नियमाच्या पुस्तकात मात्र उभ्या केलेल्या उजव्या हाताचा अर्थ बरोबर याच्या विरुद्ध आहे: ‘मी थांबतो’. पुस्तक वाचून परवाना काढलेला परगावचा मोटारवाला त्या हाताकडे पाहून वेग कमी करण्याऐवजी निर्धास्तपणे पुढे आला, तर त्याला दोष देणे कठीण आहे; आणि शिवारातल्या अरुंद वाटेवर आयुष्यभर ज्या तळहाताने बैलगाड्या थांबविल्या, तोच ताशी ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या वाहनासमोर धरणाऱ्या म्हाताऱ्यालाही आपण काही वेगळे करतो आहोत याची जाणीव नसते. जाणती माणसे अशा फटीपाशी हात उचलीत नाहीत. ती येणाऱ्या गाडीच्या तोंडाकडे पाहत राहतात. ब्रेक खरोखर लागला की गाडीचा पुढचा भाग खाली दबतो, आणि तो दबलेला दिसला म्हणजे मगच ती क्लच सोडतात.