सीझन नसतानाचं वेण्णा

"महाबळेश्वरला? आत्ता? तिथे आत्ता काय असतं?" शेजारच्या वहिनींनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, त्यातही सोमवार ते गुरुवार. नाताळची गर्दी उतरलेली, मे महिना लांब, घरोघरी दहावी-बारावीची गडबड. शहाण्या माणसानं सहलीला निघावं असे काही हे दिवस नव्हेत. खरं कारण वेगळं होतं, आणि ते जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

गेल्या जुलैत यांची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं, टाके भरले, सगळ्या तपासण्या मनासारख्या आल्या. "आता भरपूर चाला, चढ चढा, कशालाही हरकत नाही," असं डॉक्टर दर भेटीत सांगायचे. पण माणूस सोसायटीच्या फाटकाबाहेर एकटा पडेना. चार पावलं टाकली, की उजवा हात आपसूक छातीवर जायचा. घरात बसून पेपर वाचतानाही हात तिथेच. सिंहगडावर दर रविवारी जाणारा हा माणूस दुधाची पिशवी आणायला कचरू लागला, याचं दुःख त्यांना होतंच, पण ते बोलून दाखवत नव्हते. मग मीच ठरवलं. गर्दी नको, घाई नको, आणि वाटेत कोणी थांबवून "आता तब्येत कशी?" असं विचारणारं नको. स्वारगेटहून एसटी पकडली.

वेण्णा लेकशी आमची जुनी ओळख, पण ती मे महिन्यातली. १९८७ च्या मे मध्ये मुलांना घेऊन गेलो होतो. त्या सहलीतलं तळं मला फारसं आठवतच नाही. आठवते ती बोटीची रांग. दीड-दोन तास उन्हात उभं राहून अर्धा तास बोटीत बसलो, धाकटीनं घोड्यासाठी भोकाड पसरलं, मक्याच्या कणसावरून भावंडांची मारामारी झाली आणि पाण्याकडे बघायचं राहूनच गेलं. आपल्यापैकी पुष्कळांचं महाबळेश्वर असंच असावं. पॉइंट मोजायचे, फोटो काढायचे, चणे-चिक्की बांधून घ्यायची.

या खेपेला पहिल्या संध्याकाळी बांधावर आम्ही दोघं, एक कुत्रं आणि दोरीवर वाळत घातलेली लाइफ जॅकेटं, एवढेच होतो. बोटी काठाला ओळीनं बांधलेल्या. हे तळं नैसर्गिक नव्हे. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये ते बांधून घेतलं, तेही नौकाविहारासाठी नव्हे, पाण्यासाठी. पावसाळ्यात दोनशे इंचांवर पाऊस पडणाऱ्या या डोंगरमाथ्यावर उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. आजही महाबळेश्वर आणि पाचगणीचं पिण्याचं पाणी इथूनच जातं. हे सगळं यांनीच मला सांगितलं, आणि सांगता सांगता बांधाच्या टोकापर्यंत चालत गेले. मी काही बोलले नाही. हात मात्र छातीवरच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीवर चहा घेऊन आलेला मुलगा म्हणाला, "मावशी, लवकर जा तळ्यावर. आज पांढरं झालंय." शाली, कानटोप्या, मोजे असा सगळा जामानिमा करून निघालो. वेण्णा काठच्या गवतावर, उभ्या गाड्यांच्या टपावर, बोटींच्या फळ्यांवर खरोखरच पांढरा थर होता. दव गोठून झालेले हिमकण! नखानं खरवडले तर चिमूटभर हातात यायचे. गंमत म्हणजे पेपरातलं त्या दिवशीचं किमान तापमान दहाच्याही वर होतं. हे कसं? वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार-एक फुटांवर पेटीत असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता भराभर सोडते, थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून खोलगट जागी साचते, आणि तळ्याचा परिसर नेमका तसा खोलगट आहे. त्यामुळे बाजारपेठेत नुसती थंडी असते, तेव्हा तळ्याकाठचं गवत गोठतं. ऊन आलं की अर्ध्या तासात सगळी जादू संपते. तेव्हा वाचकहो, जायचंच तर सूर्याच्या आधी जा.

ऊन आल्यावर पाखरं बोलू लागली. शिपाई बुलबुल, नाचण, काठावर ध्यान लावून बसलेली ढोकरी. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडीत एक-दोन अंजनींना निळी-जांभळी फुलं धरायला सुरुवात झाली होती, थेट फांदीला चिकटून. मे महिन्यात तिथे घोड्यांची धूळ एवढी असते, की अंजनी आहे हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं.

घोडेवाले मात्र होते. तिघं-चौघं उन्हाला बसून विडी ओढत होते. एकाला विचारलं, या दिवसांत चालतं कसं? "कसलं चालतंय, मावशी," तो हसला. "सीझनला घोडं पळतंय, आता नुसतं खातंय." मे महिन्यात कमवायचं, दिवाळीत आणि नाताळात थोडं, आणि बाकी दिवस जनावर पोसायचं. पावसात तर तो घोडी घेऊन खालच्या गावी बहिणीकडे जातो. आपण "शांत, किती छान!" म्हणतो, ती शांतता कोणाच्या तरी चुलीला महाग पडत असते. एरवी मी घासाघीस करण्यात पटाईत, पण तिथे माझं तोंड उघडलं नाही. घोड्यावर बसायचं माझं वय नाही, तरी बसले. मैदानाला दोन फेऱ्या. हे इतके हसले, की मला त्या अवताराचं काही वाटलं नाही.

मग बोट. आमच्याखेरीज तळ्यावर एकही बोट नव्हती. मध्यावर गेल्यावर हे बोटवाल्याला म्हणाले, "जरा वल्हं द्या बघू." माझ्या पोटात गोळा आला. बोटवाल्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वल्ही यांच्या हातात दिली. "सावकाश काका. पाण्याला ढकलायचं न्हाई, नुसतं ओढायचं." आता दोन वल्ह्यांना दोन हात लागतात. छातीवर ठेवायला तिसरा कुठून आणणार? दहा मिनिटं ओढलं असेल. बोट सरळ जाण्याऐवजी गोल फिरली, दम लागला, मग थांबले. साधा, कष्टाचा दम. तो दम आणि तो दुसरा, ज्याची ते सात महिने वाट बघत होते, हे दोन वेगळे आहेत, एवढं त्या दिवशी त्यांना कळलं असावं. मला तसं म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी लिंगमळ्याला गेलो. पाचगणीच्या रस्त्यानं पुढे जाऊन झाडीतून पायवाट उतरते. पायऱ्या उतरताना माझ्या मनात एकच हिशेब चालू होता, की हे सगळं परत चढायचंय. वेण्णा इथे सुमारे पाचशे फूट कोसळते, असं पावसाळ्याचं वर्णन. फेब्रुवारीत कड्यावरून पांढरा दोरा सोडल्यासारखी धार होती, वाऱ्यानं मध्येच तुटणारी. खरं सांगायचं तर धबधबा म्हणून निराशाच. पण दरी अशी स्वच्छ दिसत होती, की आम्ही तासभर एका दगडावर बसून डब्यातल्या घडीच्या पोळ्या खाल्ल्या. परतताना मी तीन ठिकाणी बसले. हे दोन ठिकाणी.

बाकी अडचणी होत्याच, त्या लपवत नाही. आमच्या हॉटेलात जेवण सकाळीच सांगून ठेवावं लागे, नाहीतर स्वयंपाकीच घरी गेलेला असे. गरम पाणी आठला येऊन साडेआठला जाई. संध्याकाळी सातनंतर बाजारात पुष्कळ दुकानांच्या फळ्या लागलेल्या. पण खोली मे महिन्याच्या निम्म्या भाड्यात मिळाली, आणि स्ट्रॉबेरी ऐन भरात होती. २०१० मध्ये इथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, हे मला पाटी वाचून ठाऊक होतं. मळ्यात वाकून, प्लॅस्टिकच्या आच्छादनावर टेकलेलं लालभडक फळ स्वतः खुडून खाल्ल्यावर मात्र मानांकनाची गरज उरली नाही. मुलीला फोनवर यांनी सांगितलं, "लिंगमळा करून आलो." तिला वाटलं, गाडी करून. दोनदा सांगावं लागलं.

गुरुवारी दुपारच्या एसटीत आमच्याखेरीज पाच-सहा माणसं. पाचगणी गेली, पसरणीचा घाट लागला, खाली वाईची शेतं दिसू लागली. वळणावळणाला गाडी हेलकावत होती. यांना झोप लागली होती. मांडीवर स्ट्रॉबेरीचं खोकं, आणि सांडू नये म्हणून त्यावर घट्ट धरलेले दोन्ही हात.