कॉफीपान व जठराचा कर्करोग

जठराच्या आतील अस्तरात (श्लेष्मकलेत) कोशिकांची अनिर्बंध वाढ होऊन बहुधा हा विकार उद्‌भवतो [→ कर्करोग]. कॉफीमुळे जठरातील अम्लस्राव वाढतो व काही व्यक्तींना छातीत जळजळ होते. यावरून कॉफी कर्करोगास कारणीभूत असावी, असा समज आढळतो. परंतु त्यास पुरेसा पुरावा मिळालेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध संभवनीय मानला होता. २०१६ मध्ये एक हजारांहून अधिक अभ्यासांचे परीक्षण करून तिने तो निष्कर्ष मागे घेतला. कॉफी पिणाऱ्यांत धूम्रपान करणारेही पुष्कळ असल्याने धुराचा दोष कॉफीच्या माथी येत असे. जठराच्या बाबतीत कॉफी अपायकारक किंवा संरक्षक ठरविण्याइतका पुरावा या परीक्षणात आढळला नाही. मात्र ६५° से.हून अधिक तापमानाची कोणतीही पेये ग्रसिकेच्या (अन्ननलिकेच्या) कर्करोगास बहुधा कारणीभूत होतात, असे तिने नमूद केले.

महाराष्ट्रात कॉफीची लागवड अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा परिसरात होते. त्याच विभागातील वाशिम जिल्ह्यात (१९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचा भाग) मात्र घरी, शेतावर व टपरीवर चहाच अधिक प्यायला जातो. वरील इशारा पेयाच्या तापमानाविषयी असल्याने तो चहासही लागू पडतो. म्हणून चहा थोडा निवू देऊन पिणे इष्ट होय.

जठराच्या कर्करोगाचे प्रमुख कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा सूक्ष्मजंतू आहे. वॉरन व मार्शल या ऑस्ट्रेलियन वैद्यांनी १९८२ मध्ये त्याचा शोध लावला. त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूमुळे अस्तराचा शोथ (दाहयुक्त सूज) वर्षानुवर्षे टिकतो, अस्तर क्षीण होते व काही रुग्णांत पुढे कर्करोग उद्‌भवतो. धूम्रपान, अतिखारट व खारवलेले अन्न आणि आनुवंशिकता हीही कारणे आहेत. भारतात या रोगाचे प्रमाण मिझोराममध्ये सर्वाधिक आहे. तेथील तंबाखूचे सेवन तसेच धुरावलेले व खारवलेले अन्न यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. विदर्भात प्रचलित असलेल्या खर्‍यातील तंबाखू व सुपारीमुळे मुख व ग्रसिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

या रोगाची आरंभीची लक्षणे अम्लपित्तासारखी असतात. ती चहा-कॉफीमुळेच आहेत असे समजून महिनोन्‌महिने अम्लनाशक गोळ्या घेत राहिल्यास निदानास विलंब होतो. भूक व वजन घटणे, थोड्याच अन्नाने पोट भरणे, वारंवार उलट्या, गिळण्यास त्रास, काळे शौच व रक्तक्षय यांपैकी काहीही आढळल्यास, तसेच उतारवयात प्रथमच अपचन सुरू होऊन ते टिकून राहिल्यास, दुर्बिणीतून जठराची तपासणी व जीवोतक परीक्षा (अस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाने तपासणे) करून घेणे आवश्यक असते. सूक्ष्मजंतू आढळल्यास प्रतिजैव व अम्लस्राव रोखणारी औषधे साधारणतः दोन आठवडे देतात. रोग अस्तरापुरता मर्यादित असताना ओळखला गेल्यास तो बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते; पसरल्यानंतर ती फारच कमी होते.